नलूताईंचा नवा डेस्कटॉप

"मेल्यानं माझ्या नाटकाचा शेवट पुन्हा गिळला!" नलूताईंनी माऊस आपटला. लिहिलेलं डेस्कटॉपवर सेव्ह करावं, तर पडदा कोराच. मग बसा पुन्हा लिहीत! महिला मंडळाची तालीम तर उद्यावर आलेली.

संगणकावर लिनक्स ही नवी प्रणाली बसवून देणारी भाची फोनवर म्हणाली, "आत्या, दुसरा डेस्कटॉपही टाकलाय त्यात, म्हणजे पडद्याची वेगळी मांडणी. लॉग आउट कर, पुन्हा पासवर्ड देताना कोपऱ्यातलं चक्र दाब आणि तो निवड. घाबरू नकोस, काही जात नाही."

नलूताईंनी देवाचं नाव घेऊन चक्र दाबलं. नवा पडदा उघडला आणि त्यावर 'शेवट', 'शेवट नवा', 'शेवट पुन्हा', 'शेवट शेवटचा' अशी सगळी हरवलेली पोरं ओळीनं उभी!

"अगं, जुना डेस्कटॉप फायली पडद्यावर दाखवतच नव्हता," भाचीला हसू आवरेना. "फोल्डरमध्ये सगळ्या सुखरूप होत्या."

नलूताईंनी अधीरतेनं पहिला शेवट उघडला. त्यात सासू मरत होती आणि सगळे रडत होते. शेवटच्यात तीच सासू सुनेला मागे बसवून स्कूटरवरून सुसाट निघाली होती.

त्यांनी मॉनिटरवरून मायेनं हात फिरवला. "बरं केलंस रे मेल्या, लपवून ठेवलंस!"