टाकीच्या सावलीत

नातीला शाळेतून आणायचं काम सुनेने पहिल्यांदाच आजींवर सोपवलं होतं. "चुकणार नाही ना?" तिने तीनदा विचारलं.

"अगं, तुझ्या नवऱ्याला मीच आणायचे. हरवला का?"

या वसाहतीत आजींना आठवडाच झाला होता. रस्ता कुणालाही विचारा, उत्तर एकच: पाण्याच्या टाकीपासून डावीकडे. टाकी मात्र त्यांना कुठे दिसली नव्हती. पाडली असेल, असं त्यांनी धरलं. त्यांच्या माहेरीही जळालेल्या गिरणीवरूनच सगळे पत्ता सांगत.

शाळेसमोरच्या मोकळ्या मैदानात त्या पोचल्या, तेव्हा ऊन मी म्हणत होतं. मधोमध चार बायका एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

"सावलीत या, आजी. शाळा सुटायला अवकाश आहे," त्यांतली इस्त्रीवाली म्हणाली.

"कसली सावली?" हसत आजी तिच्याशेजारी उभ्या राहिल्या, आणि अंगाला एकदम गारवा लागला. पायाशी ऊन तसंच लख्ख होतं.

"टाकी कधी पाडली हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाडली? आज तर काठोकाठ भरलीय." आजींच्या खांद्यावर पडलेला पाण्याचा थेंब इस्त्रीवालीने बोटाने टिपला.

शाळा सुटली. नातीचा हात घट्ट धरून आजी घराकडे निघाल्या. नातीची सावली पुढे पळत होती. आजी आपली सावली शोधू लागल्या, मागे वळून पाहिलं, जागीच थांबल्या.

"तुझी टाकीखाली राहिली का?" नात म्हणाली. "राहू दे. आईची पण तिथंच आहे."