एका नावाला एकच जागा

गोंदियातल्या राईस मिलच्या ऑफिसात मेल सर्व्हर मीच सांभाळते. पुस्तकं वाचून शिकले. एका नावानं एका वेळी किती कॉम्प्युटर आत जोडले जावेत, तो आकडाही मीच ठरवते.

त्या दुपारी माझ्या नावानं दोन कॉम्प्युटर जोडलेले दिसले. मी तर एकाच कॉम्प्युटरवर बसते.

"दुसऱ्याबी तुमीच असान, बाई," मुनीम देवीदास म्हणाले. "एकीनं काम उरकते का तुमचं?"

मी हसले आणि आकडा एकवर आणला. दुसरी कोण असेल ती बाहेर पडेल.

बाहेर पडले मी. पडद्यावर आलं, जागा भरलेली आहे.

सर्व्हरची नेटची तार उपटली. तरी सर्व्हरच्या पडद्यावर माझ्या नावानं एक जण आत होतंच.

तेवढ्यात लेकीचा, रीनाचा फोन आला. ती नागपूरहून येणार होती.

"आई, मी ऑटोनं आली असती ना. कायले आलीस स्टेशनवर?"

"मी ऑफिसातच आहे, रीना."

"मस्करी नोको करू. सकाळी तूच तं मेल केला, घ्यायले येतो म्हणून. आता समोर तं उभी आहेस."

मी खुर्ची मागे सारून उठले.

"रीना, तिथंच थांब."

"कायले थांबू? दोन्ही हातांनी बोलावून राहिली तू मले."