ओंजळीनं पाणी

रामदासपेठेतल्या फ्लॅटवर शाळासोबती जमले होते. यजमान मनोहरराव सोफ्यावर बसून तांब्याचा लोटा नाचवत गावच्या आठवणी चघळत होते.

"आमची माय ओसरीखालच्या पोट्ट्यायले वरूनच पाणी ओते, अन् ते ओंजळीनं पेत. एकाचाही ओठ भांड्याले लागे नाही. काय हायजिन होतं गा! आपले पूर्वज येडे नव्हते. ही प्रथा पुन्हा सुरू कराले पायजे!"

साऱ्यांनी माना डोलावल्या. देवाजीची तेवढी हलली नाही. शाळेतून येताना त्याच ओसरीखाली तो वाकून ओंजळ धरायचा, आणि मनोहर वर पाटावर बसून पितळी पेल्यानं प्यायचा.

देवाजीनं उठून त्याच्या हातातला लोटा काढून घेतला.



"चाल मन्या, तुयापासूनच सुरू करू. उतर खाली, धर ओंजळ."