मेरिंगाईचं दुसरं येणं

लुलोंगचा बाप सापडला. धडधाकट आहे, बिंतुलू शहरात पंखे दुरुस्त करतो. पण हे कुणाला कळलेलंच नाही, असा घराच्या मुखियाचा निकाल आहे. तेव्हा आपणही काही ऐकलं नाही असं धरून पुढे जाऊ.

दुपार होती. एकाच छपराखालच्या सतरा बिऱ्हाडांच्या त्या लांब घराची सामाईक ओसरी पेंगुळली होती. अंगणात चटयांवर मिरी वाळत होती. खाली नदी इतकी सावकाश चालली होती की समुद्राला आज मिळायचं की उद्या, हे तिचंही ठरलेलं नव्हतं.

लुलोंग आठ वर्षांची. ती पोटात असतानाच बाप कमवायला बाहेर पडला, पुढे आई दुसऱ्या नवऱ्याबरोबर नदीच्या खालच्या अंगाला गेली. लुलोंग मावशीकडे उरली. मावशीची स्वतःची सहा. जेवायला हाका मारता मारता मावशी पाचव्या नावालाच दमायची. सहावं पाचव्याच्या मागोमाग यायचं, लुलोंग वासावर.

इथल्या इबान लोकांत पहिलं मूल झालं की पुरुषाचं स्वतःचं नाव सुटतं. मुलाच्या नावाआधी 'अपाय', म्हणजे बाप, असं लावलं की झालं त्याचं नवं नाव. मराठीत या शब्दाचा अर्थ निराळा होतो, त्याला इलाज नाही.

तर अपाय लुलोंग त्या दुपारी जहाजावर होता. जहाज एवढं लांब की पुढच्या टोकाला सोमवार उजाडला तरी मागच्या टोकाचा रविवार संपत नसे. तो राहायचा बरोबर मध्ये, त्यामुळे सुट्टी कधी लागते हेच त्याला कळायचं नाही. मागच्या आठवड्यात एक ढग चुकून त्याच्या खोलीत शिरला. पार भिजलेला होता. अपायनं त्याला पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं.

"मग?" चटई विणणारी म्हातारी लुलोंगला म्हणाली. "मग अपाय लुलोंगनं काय केलं?"

लुलोंगनं डोळे मिटले. गोष्टीत ही जागा आली की ती नेहमी थांबायची. दिवसभरात तिचं नाव कुणाच्या तोंडी येई ते एवढंच, आणि ते पूर्ण उच्चारून होईपर्यंत तिला कसलीच घाई नसे. मग कुणीतरी विचारलं, ढगाला चिमटे किती लागले. दुसऱ्यानं त्याला वेड्यात काढलं, अपाय लुलोंग काय चिमटे मोजत बसतो होय. म्हणजे आणखी एकदा.

तेवढ्यात याच घरातला मेरिंगाई शिडी चढून वर आला. बिंतुलूहून, सहा महिन्यांनी, काखेत नवा थर्मास. त्याचं लग्न व्हायचं होतं, म्हणून तो अजून स्वतःच्याच नावावर दिवस काढत होता. टेकला, कॉफी घेतली, कुणाची गोष्ट चाललीय ते विचारलं आणि मनमोकळं हसला.

"जहाज कसलं घेऊन बसलात? पंखे दुरुस्त करतो तो. माझाच केला की परवा. पण तिकडं अपाय लुलोंग कुठं राहतो म्हणून विचाराल, तर कुणी सांगायचं नाही. तिकडं तो अपाय डॉमिनिक."

म्हातारीची बोटं चटईतच राहिली. मावशीनं लुलोंगकडे बघितलं आणि मग कुठं बघावं ते न कळून थर्मासकडे बघत बसली.

खांबाला टेकलेला मुखिया झोपेतून उठल्यासारखा खाकरला. येताना पक्षी कुठल्या बाजूला बोलला, असं त्यानं मेरिंगाईला विचारलं. मेरिंगाई म्हणाला, इंजिनाच्या होडीत पक्षी कसला ऐकू येतोय. म्हणजे वाईट बाजूलाच बोलला असणार, मुखिया म्हणाला, आणि असल्या शकुनावरचं येणं म्हणजे येणं नव्हे.

"पण आलोय ना मी. कॉफी पितोय."

"कप ठेव खाली. होडीत जाऊन बस. मग ये. आणि येशील तेव्हा तुला काही ठाऊक नसेल."

मेरिंगाई उतरला. थर्मासही परत न्यावा लागला, कारण तोही अजून आलेला नव्हता. होडीत बसून त्यानं जरा वाट पाहिली, कशाची ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुन्हा वर आला. सगळ्यांनी त्याला केव्हा आलास, वाळलास किती, असं रीतसर विचारलं. त्याला नवी कॉफी मिळाली.

मग अख्खी ओसरी लुलोंगकडे वळली.

"सांग ना," मावशी म्हणाली. "अपाय लुलोंगनं त्या ढगाचं काय केलं?" काठोकाठ भरलेली वाटी न सांडता पुढे करावी, तसं तिनं ते नाव उच्चारलं.

या खेपेला लुलोंगनं डोळे मिटले नाहीत. ती उठली आणि मुखियासमोर जाऊन बसली. घरातल्या सगळ्यांचे सरकारी अर्ज तोच लिहायचा, शिक्काही त्याच्याचकडे असायचा.

"आजोबा, लिहा."

कुणाला, त्यानं विचारलं. बिंतुलूतल्या सगळ्यांना, ती म्हणाली. मुखियानं चष्मा लावला. एवढ्या लोकांना एक प्रत कशी पुरणार, हा प्रश्न त्यानं स्वतःपाशीच ठेवला. ती हळूहळू सांगत गेली आणि तो ते कचेरीच्या भाषेत बसवत गेला.

'बिंतुलू येथील समस्त रहिवाशांस. विषय : हाक. अर्जदार लुलोंग, वय वर्षे आठ, सविनय कळविते की, पंखे दुरुस्त करणाऱ्या सदर गृहस्थांस आपण एरवी काहीही म्हणावे, हरकत नाही. तथापि आठवड्यातून एक वेळ, रस्त्यात दिसतील तेथे, त्यांना "अपाय लुलोंग" अशी मोठ्याने हाक मारण्यात यावी. त्यांनी ओ दिलीच पाहिजे असे नाही.'