सोनगीर सोडून

सावद्याहून पहिल्यांदाच धुळ्याला आलेल्या आईवडिलांना प्रेमराजने फिरायला गाडी करून दिली. "लळिंगचा किल्ला पाहा, संग्रहालय पाहा. सोनगीरचा किल्ला सोडा, नाना. तिथं काहीच पाह्यासारखं नाही," असं सांगून तो आईने भरलेला डबा घेऊन ऑफिसला गेला.

पण किल्ला चुकवतील ते नाना कसले! त्यांनी गाडी सोनगीरला वळवलीच. गुडघे धरत चढणाऱ्या यशोदाबाईंना मागे टाकून ते वर पोचले आणि जागीच थांबले. पडक्या भिंतीच्या सावलीत डबा उघडून प्रेमराज बसला होता.

"हाऊ भाऊ रोज दिनभर आठेच बसस," शेळ्या राखणारी म्हातारी म्हणाली.

नाना आल्या पावली परतले आणि वाटेतच त्यांनी बायकोचा हात धरला.

"चल गं, खाली. पोरगं खरं सांगत होतं. इथं काहीच पाह्यासारखं नाही."