घेतलं म्हणेपर्यंत

जहाजावर सगळे झोपलेले होते. हल्ली खलाशी प्रवासभर झोपूनच जातात आणि किनाऱ्यांवरची केंद्रं जहाज एकमेकांच्या हाती देत पुढे नेतात. रत्नागिरीच्या केंद्रात शर्वाणीच्या पडद्यावर एक ठिपका धुक्यात डुलत होता. पडद्याच्या कोपऱ्यात तिचा नवरा तन्मय त्याच जहाजावर पाठ टेकून निजलेला दिसत होता.

"दिसलं तुमचं जहाज," समुद्रापलीकडच्या केंद्रातली सलमा दुभाष्या यंत्रातून म्हणाली. "सोडा आता."

शर्वाणीने जहाज चालवणाऱ्या कळांवरची बोटं हलवली नाहीत. बारशाला बाळ पाळण्याखालून पलीकडे देताना सासूबाईंनी बजावलं होतं, समोरची 'घेतलं' म्हणेपर्यंत हात काढायचा नाही.

"नुसतं दिसून काय होतंय? घेतलं म्हण."

"नवरा आहे म्हणून सोडवत नाही होय, ताई?" सलमा हसली. मग तिचा आवाज एकदम उतरला. "थांबा. मी चुकून शेजारची मासेमारी बोट धरलीय."

शर्वाणी तशीच धरून राहिली. धुकं पडद्यावरून खोलीत उतरल्यासारखं वाटत होतं.

"घेतलं," सलमा हळूच म्हणाली.

शर्वाणीने एकेक बोट उचललं. कोपऱ्यात तन्मय झोपेतच कुशीवर वळला, एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की बाळ वळतं तसा.