बाईंची चटई

पेन्शनीत निघाल्यावर शमुवेल मास्तर बायकोला घेऊन मिशनच्या कामासाठी उमरेडजवळच्या खेड्यात आले. चार वर्षांतली कमाई म्हणजे श्रोता एक, तोही घरचाच. दर रविवारी मास्तर अंगणात घंटा वाजवत आणि चटईवर बसलेल्या रूथबाईंना, सारं गाव जमल्यासारखं, खड्या आवाजात प्रवचन देत. भिंतीपलीकडून शेजारची मनकर्णा हसायची, "बायकोलेच सांगाचं होतं तं नागपुरात काय जागा नव्हती, मास्तर?"

एका रविवारी प्रवचनाच्या मध्येच बाईंना चक्कर आली. बुधवारी त्या गेल्या.

पुढच्या रविवारी मास्तरांनी सवयीनं घंटा वाजवली, मग रिकामी चटई पाहिली आणि ती गुंडाळायला घेतली. नागपूरला परतायचं त्यांनी ठरवलंच होतं.

"राहू द्या जी," म्हणत मनकर्णा आत आली आणि चटईवर बसली. "तुमच्या गोष्टीतला तो धनगर नव्याण्णव मेंढरं रानात टाकून हरवलेल्या एकाले शोधाले गेला, अन् तेवढ्यात बाईले चक्कर आली. पुढं काय झालं म्हणून हप्ताभर सारा मोहल्ला मलेच विचारून राहिला."

मास्तरांनी वर पाहिलं. भिंतीवर डोकीच डोकी होती.

"सांगा न जी. सापडलं का ते?"